हँडल मधेच अडतं

पंक्चर निघेपर्यंत नर्सबाईंना दुकानातल्या बाकावरून हलता येणार नव्हतं, मग कान तरी रिकामे का ठेवायचे? शेजारी एक मुलगी वडिलांची जुनी सायकल घेऊन आली होती. वडील मागे उभे होते, कोपराला पट्टी बांधून.

"मिस्त्री, ही भंगारात घाला. बाबा महिन्यात दोनदा पडले."

"पडले कुठे?"

"वळणावर, दोन्ही वेळा. वय झालंय, तोल राहत नाही."

"थांबा. हे बघा, पुढचं चाक उचललं, सायकल जरा कलती केली. आता हँडल आपोआप एका अंगाला पडायला हवं. पडलं?"

"नाही."

"बोटानं ढकला."

"अडतंय... आणि सुटलं की एकदमच वळतंय."

"आतलं ग्रीस सुकलंय. बेअरिंगच्या छर्र्यांनी त्यांच्या वाटीला खड्डे पाडलेत. सरळ जाताना छर्रे त्यात बसून राहतात, वळवलं की झटका देतात. यावरून मीसुद्धा पडेन."

"बाबा, हँडल अडतं हे बोलला का नाहीत?"

"पहिल्या वेळी बोललो होतो. तू म्हणालीस, दोष सायकलवर ढकलू नका. मग तुझा दादा तेच म्हणाला, सूनबाई म्हणाली. शेवटी मलाही पटलं."

नर्सबाई बाकावर जरा सरकल्या. म्हातारबुवा शेजारी टेकले.

"मिस्त्री, वाट्या आणि छर्रे नवे घाला."

"तासभर लागेल, काका."

"लागू दे. तू हो पुढे, पोरी. मी सायकलवरून येतो."