एकाच ओळीचा फरक

हॅलो?… हो वहिनी, मीच… अगं, ऐक ना आधी. वॉर्डातलं ते बाळ ठीक आहे. तू तो डोस अडवलास म्हणूनच ठीक आहे.

नाही, भास नव्हता तुझा. आकडा खरंच चुकलेला होता.

हो, हॉस्पिटलमध्येच, कॉम्प्युटरच्या खोलीत. तुला घरी पाठवलं असं कळल्यापासून जागची हललेली नाही… खाल्लं गं, बिस्किटं खाल्ली. तू ऐक.

तुमच्या वॉर्डातला स्क्रीन ज्या तक्त्यावरून डोस दाखवतो ना, त्याची गेल्या आठवड्याची प्रत माझ्याकडे होती. ती आणि आजची, दोन्ही ताडून पाहिल्या… छे, डोळ्यांनी कुठलं, चौदाशे ओळी आहेत. 'डिफ' म्हणून एक कमांड असते. ती टाईप करायची, पुढे दोन फायलींची नावं द्यायची. ज्या ओळी जुळत नाहीत तेवढ्याच ती दाखवते.

हो, हो… सांगते ना. पहिल्यांदा केलं तर सगळ्याच ओळी वेगळ्या. चौदाशेच्या चौदाशे. म्हटलं, सगळा तक्ताच बिघडलाय, किती मुलांना काय काय दिलं गेलं असेल… मोठ्या सिस्टर मागे उभ्या होत्या, त्यांनी लगेच वॉर्डाच्या नोंदी मागवल्या.

मग एक ओळ नीट निरखली. अक्षर न् अक्षर तेच. मग वेगळं काय?… तर नवी फाईल दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर सेव्ह केलेली. त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारी खूण चिकटलेली… नाही, आकड्यांना त्याने काही होत नाही. मग कमांडला सांगितलं, ती खूण धरू नकोस. आणि पुन्हा चालवली.

एक. एकच ओळ उरली वहिनी. तू बोट ठेवलंस तीच. जुन्या फाईलमध्ये शून्य पूर्णांक पाच मिली, नव्यात नुसते पाच. टाईप करताना शून्यही गेलं न् टिंबही. दहापट डोस…

नाही, नाही, दुसऱ्या कुणालाही दिलेलं नाही. फाईल कालच चढवली होती, नोंदी दोनदा तपासल्या आम्ही… हो, दुरुस्तही केली.

डॉक्टर?… 'कॉम्प्युटर चुकत नाही' म्हणणारे ना? त्या एका ओळीचा छापलेला कागद हातात घेऊन बसलेत मघापासून. डोस दिला नाहीस म्हणून तुझ्यावर केलेली तक्रार मागे घेतली त्यांनी. स्वतःहून.

वहिनी?… ऐकतेयस ना?… रड गं, रड. सकाळपासून कोंडून ठेवलंयस. मी आहे फोनवर.

…

काय?… खरं सांगू? नव्हती खात्री. सकाळी मलाही वाटलं होतं, थकलीयस, वाचण्यात चूक झाली असेल. दादालाही तसंच म्हणाले मी… हो. चुकलंच माझं.

बरं, एक राहिलं. बाळाची आई आत्ताच दारात येऊन गेली. विचारत होती, त्या सिस्टर कुठे गेल्या, ज्यांनी औषध दिलं नाही?… मी काय सांगणार, म्हटलं विचारून सांगते.

उद्या?… सकाळी सातला. नक्की ना?… बरं. सांगते तिला. झोप आता जरा. ठेवते.