आमचे हे पश्चिमेले होते

मले नोकरी कशी लागली पुसता? हसू नका बरं, बायांनो! हे लढाईत कामी आले, अन् जवानांच्या घरच्यांले सरकार नोकरीत पयला नंबर देत होतं. म्हणून शाळेतल्या पाणीवालीच्या जागेसाठी मी बालाघाटच्या हापिसात मुलाखतीले गेलती.

साहेबानं पुसलं, "आप पूर्व सैनिक के परिवार से हैं?"

हिंदीत पूर्व म्हंजे माजी, हे मले काय ठाऊक! मले वाटलं, लढाईची दिशा पुसून राह्यला. म्हटलं, "नहीं साहब, हमारे ये तो पश्चिम में थे."

सारे हसले. मंग समजावून सांगितलं, तशी मीबी हसली. नोकरी पक्की झाली.

रस्ताभर हसू आवरेना. घरचं कुलूप काढलं अन् दारातूनच आवाज देल्ला, "अहो, आयकलं का?"