गोपिकाबाईच्या परसातली वांगी

वांग्यावरून आठवलं, ऐंशीच्या आसपास अड्याळला आमच्या शेजारी गोपिकाबाई राहायची. तलावातले मासे साफ करून विकायची. उरलेली डोकी, आतडी, खवले परसातल्या खड्ड्यात पुरायची आणि वर राख-शेण टाकायची. त्या खतावर तिची वांगी व्हायची. माझी माय मासळीला हातही लावत नसे, पण वांगी तिच्याकडचीच घ्यायची.

एकदा मायनं सहज विचारलं, "काहून वो गोपिका, तुही वांगी एवढी गोड कशी?"

गिऱ्हाईक जाईल हे गोपिकाबाईला कळत होतं. तरी म्हणाली, "मासोळीचं खत हाय, बाई. तुमाले चालत नसन त नोका घेऊ."

माय रिकामी टोपली घेऊन परतली. दोन दिवस दोघी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मायनं भाजीची सालं आणि चुलीतली राख टोपलीत भरली आणि गोपिकाबाईकडे नेली.

"हे पण टाक तुह्या खड्ड्यात," ती म्हणाली, आणि येताना वांगी घेऊन आली.

जेवताना मी विचारलं, "माय, चालते तुले?"

माय शांतपणे म्हणाली, "मासोळी मातीनं खाल्ली, बाप्पा. मी त वांगंच खाऊन राहिली."