बांधातला गोळा

माझं माहेर चांदीपचं, भातशेतीचं घर, मिठाशी आमचा संबंध जेवनापुरता. लगीन होऊन आले ती ह्या सोपाऱ्याच्या खाडीवर, मिठागरात, आनि पहिल्याच साली तळपाय फुटले तेव्हा आई आठवली मना. पोरांचा बापूस बोल्ला, रडू नको गे, मीठ पाय खातं पन पोट भरतं. तसाच व्हता तो, हसरा, कामाला वाघ. नाव नाय घेत मी त्याचं, अजून नाय घेत, तुमी पोरांचा बापूस असंच लिवा.

मिठागराचं सगळं बांधावर असतं, ताई. भरतीचं पानी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, आनि बांध गळला तर झालं, केलेलं मीठ परत पान्यात. त्यात खेकडे मेले बांधाला भोकं पाडतात, चिखल थापायचा, तो उन्हानं चिरतो, परत थापायचा. मालक ओरडायचा, आमी थापायचो.

तर त्र्यान्नव साली मुंबईत बाँब फुटले, एकाच दिवशी, जागोजागी. आमी रेडिओवर ऐकलं, जीव हळहळला, मंग उठून कामाला गेलो, काय करनार. थोड्या दिवसांनी ओहोटीला पोरांच्या बापसाला खाडीच्या चिखलात गोनी गावली. आत प्लास्टिकात बांधलेल्या काळपट वड्या, साबनासारख्या. मी एक घेऊन लुगडं घासलं, फेस नाय का काय नाय, तेलकट वास तेवढा. तो बोल्ला, कुठल्यातरी बोटीवरून पडलं असंल, फटी बुजवायचं सामान दिसतंय. मळलं तर कनकीसारखं मळलं गेलं. मंग त्यानं गोळे केले आनि खेकड्यांच्या भोकात भरले. काय सांगू तुमाला, बांध असा धरला, असा धरला, की थेंब गळला नाय. आमी दर्याला नारळ फोडला, त्यानं दिलं म्हनून. खोबरं पोरांनी खाल्लं. 

मंग पोलीस आले, खाडीखाडीनं, कुत्रा घेऊन. बाँबांपायी धरलेल्यांपैकी कुनीतरी बोल्लेलं की उरलेला माल खाडीत टाकला. साहेबानं विचारलं, गोनीबिनी बघितली काय. आनि हा भोळा सांब हौसेनं पुढं, साहेब, मनाच गावली, लय भारी सामान हाय, चला दाखवतो. घरात आला साहेब आनि फळीवर त्या वड्या बघून मागं सरला. पोलीस मागं सरलेला मी पहिल्यांदा बघितला, ताई. फळीच्या खाली चूल, चुलीवर भात रटरटत व्हता, आनि धाकटी तिथंच खेळत व्हती.

बापसाला जीपमधी घातला. कुनी दिलं, कुनाला वळखतो, किती घेतले. हा एकच बोलायचा, गोनी गावली, बांध गळत व्हता. मी पोरांना घेऊन चौकीबाहेर बसायचे, डबा आत जायचा, रिकामा बाहेर यायचा, तेवढ्यावरनं समजायचं जिता हाय. त्याला बांधावर आनायचे, तो बोट दाखवायचा, त्यातली जानकार मानसं हळू हळू गोळा काढायची. सगळे निघाले, एक निघंना. तो बोल्ला, साहेब, एक हाय अजून, पान्याखालच्या भोकात भरलाय, भरती व्हती, जागा नीट ध्यानात नाय. खनला बांध, दर्या आत आला, सालभराचं मीठ गेलं, गोळा नाय तो नायच. पुढं खऱ्या लोकांनी कबूल केलं, ह्याचा हात नाय ठरलं, साहेब बोल्ला, जा घरी, तो गोळा विरघळला असंल.

घरी येऊन हा मना बोल्ला, विरघळनारा असता तर बांध धरला असता काय?

मारलं काय, विचारलं मी. तो उठून बांधाकडं गेला. त्याचं हसनं तिथंच कुठंतरी राहिलं बघा. दुसरीकडं काम मिळत व्हतं, गेला नाय. रोज ओहोटीला अनवानी बांधावरनं चालायचा, पायानं दाबत दाबत. पोरांना त्या वाटेनं शाळेत जाऊ देत नव्हता, लांबनं पाठवायचा. मी चिडायचे, किती दिवस हे? तर बोलायचा, मुंबईत मेली ती मानसं पन आपल्यासारखी कामाला निघालेली, त्यांना ठाऊक नव्हतं पायाखाली काय हाय, मना तर ठाऊक हाय ना.  तापात गेला तो, आनि तापात पन बांधच चाचपत व्हता, गोधडीवर हात फिरवून.

आता मिठागर गेलं. भराव पडला, मशिनी आल्या, इमारती उठल्या. मी गेले पोलिसांकडं, नवा साहेब व्हता, चांगला व्हता बिचारा, चहा पाजला, बोल्ला, आजी, ती केस कधीच संपली, असलं सामान आपोआप नाय फुटत, निवांत राहा. निवांत! पन त्याचा काय दोष, त्यानं नव्हता मळला तो गोळा.

आनि परवा मोठा पोरगा पेढे घेऊन आला. आई, फ्लॅट घेतला. कुठं रे बाबा? तर तिथंच, आपल्या बांधावर, दुसरा माळा. मी हातातला पेढा परत ठेवला. तो हसला, बापाचं खूळ तुझ्यात आलं काय, बोल्ला. सून बोल्ली, सासूबाय, तुमाला पुढची खोली, हवा येते.

मी बोल्ले, नको गे बाय. तळमजल्यावर मागं वॉचमनची खोली रिकामी हाय, बोलून बघ सोसायटीवाल्यांशी, मना तिथं राहू दे, जमिनीवर चटई टाकून निजेन मी. पोरगा चिडलाय, लोक काय बोलतील म्हनतो. बोलू दे. त्यांना बोल्ले, तुमी वर सुखानं नांदा, पोराबाळांचे पाय त्या फरशीवर खेळते राहू दे. खाली जे काय असंल त्याच्या आनि तुमच्या मधी मी बसते.