चुंबकत्व आलं कुठून

नाही नाही, फळ्याला हात लावू नका! भिंती रंगवा, छत रंगवा, तो फळा तेवढा राहू द्या. खडूची धूळ ओल्या रंगावर बसते? बसू दे. सहा वर्षं गेलीत माझी त्यात — सहा! काय आहे म्हणता? अहो, तारे सोडा, ताऱ्यांच्या समूहांमधली जी रिकामी पोकळी, तिथंसुद्धा चुंबकत्वाच्या खुणा आहेत. आलं कुठून? विश्व जन्मलं तेव्हा झपाट्यानं फुगत होतं, आणि त्या फुगण्यात चुंबकत्व विरून जातं — घोटभर दूध पिंपभर पाण्यात ओतावं तसं. मग कुणीतरी जोर लावायला हवा ना? तर माझं म्हणणं — माझं म्हणजे आणखी शंभर जणांचंही, पण ते जाऊ द्या — तेव्हा एक अदिश क्षेत्र होतं. दिशा नाही, नुसती किंमत. या खोलीत जागोजागी तापमान असतं ना, तसं. ते बदलत गेलं आणि बदलता बदलता चुंबकत्वाला वाढवत गेलं. गणित काय चपखल बसलं — आजचं उत्तर बरोब्बर!

बसणारच. मी आजच्या उत्तरापासूनच उलटा मागे गेलो होतो. शिडीवर जपून हं. मागे जाता जाता अगदी सुरुवातीला इलेक्ट्रॉनचा विद्युतभार इतका भयंकर वाढतो की तिथं हे गणित लागूच पडत नाही. म्हणजे पायाच नाही, नुसता कळस! हे दाखवलं कुणी? माझ्या विद्यार्थिनीनं. चार ओळींत. आणि मी काय म्हणालो? "चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवू नकोस." सगळ्यांसमोर. आता तिनं प्रबंधात तेच लिहिलंय — सरांचं चुकलं — आणि माझ्या सहीशिवाय प्रबंध पुढे जात नाही. आज पाचपर्यंत मुदत. नाही केली सही, तर पोरीची पाच वर्षं पाण्यात. असे बघता काय? मला तिचा राग नाही — म्हणजे आहे, आहेच! — पण मला तिच्याआधी दोन वर्षं ठाऊक होतं हो. व्याख्यानात फळ्यावर जिथं हे मोडतं, बरोब्बर त्या ओळीपुढे उभा राहायचो, पाठ लावून. लोक टाळ्या वाजवायचे आणि मी —

काय? बाहेर बाकावर? सकाळपासून?

हे बघा, आज राहू द्या रंग. डबे इथंच ठेवा, उद्या या. आणि जाताना तिला सांगा — सर खोलीत नाहीत.