शिट्टीपुरती फट

डॉक्टर : पुन्हा म्हणा बाई, "सासूबाई सशासारख्या सुसाट सुटल्या."

बाई : सासूबाई सशासारख्या सुसाट सुटल्या. कोणी रचलं गं हे? तुझ्या सासूनं ऐकलंय का?

डॉक्टर : "स" नीट येतोय का, ते बघायचं असतं. आता आरशात बघा. हे खरे नाहीत हं. मेणकाकांनी मेणात नमुना घडवला, त्याच्या साच्यातून तुमच्या दातांवर तात्पुरता थर दिलाय. पसंत पडला की मग सिरॅमिकचे.

बाई : अगं बाई! चेंडूनं उडवलेला टवका शोधूनही सापडत नाही.

मेणकाका : रंग खिडकीच्या उजेडात जुळवलाय. सिरॅमिकमध्ये कडेला जरा काचेसारखी झाक ठेवीन, खऱ्या दाताला असते तशी.

बाई : पांढरेफेक नाही केलेत, बरं झालं. मुलं म्हणाली असती, बाई खडू चावून आल्या.

मेणकाका : आणि मधली फट बघा. केससुद्धा जायचा नाही आता!

बाई : फट... थांबा हं. फूऽऽ.

डॉक्टर : काय झालं?

बाई : फूऽऽ. शिट्टी वाजत नाहीये गं.

मेणकाका : शिट्टी?

डॉक्टर : काका, बाई शाळेत खेळ शिकवतात. मी त्यांच्याच हाताखाली धावले.

बाई : धावलीस कसली, फिरायला आल्यासारखी यायचीस. आणि फट बुजवायला कोणी सांगितलं होतं?

डॉक्टर : मीच. तुम्ही हसताना कायम तोंडावर हात धरायचात. मला वाटलं, फट दिसू नये म्हणून.

बाई : अगं वेडे, तुमचं धावणं बघून हसू यायचं, ते तुम्हाला दिसू नये म्हणून!

डॉक्टर : आणि मी मनाशी म्हणत होते, बाईंना यंदा मोकळं हसवायचंच.

मेणकाका : गळ्यातली शिट्टी घ्या की बाई. दात फार देखणे झालेत हो.

बाई : ती मैदानावर सगळ्यांच्याच गळ्यात असते. त्यातली माझी कोणती, हे चिमणीला कसं कळणार?

मेणकाका : चिमणी कोण?

बाई : बाहेर बाकावर बसलीये, दोन वेण्यांची. तिला दिसत नाही. मी शेवटच्या रेषेवर उभी राहून दातांतून शिट्टी घालते आणि ती तिच्या रोखानं सुटते. शनिवारी शर्यत आहे. तुटक्या दातानं वाजत होती आणि या देखण्या दातांनी नाही, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?

डॉक्टर : तोंड उघडा बाई.

मेणकाका : डॉक्टर, ती दात घासायची चकती खाली ठेवा! माझा जीव वरखाली होतोय.

डॉक्टर : तात्पुरता थर आहे, काका. चुकायचं ते इथंच चुकून घ्यायचं, असं तुम्हीच म्हणता ना? बाई, फुंका.

बाई : फूऽऽ.

डॉक्टर : अजून किंचित.

बाई : फूऽईऽ.

मेणकाका : आली, आली! आता समोरून नका घासू, दात किडकिडीत दिसतील. मागून उतार द्या. हवा मागून रुंद येऊ दे, पुढून बारीक जाऊ दे.

डॉक्टर : असा?

मेणकाका : हां. बस, बस. भट्टीतून निघाल्यावर हे करता यायचं नाही, म्हणून आत्ताच नीट ऐकून घेऊ. वाजवा बाई, मैदानावर वाजवता तशी.

(शिट्टी. खिडकीची काच थरथरते.)

डॉक्टर : बाप रे! माझे पाय आपोआप सरळ झाले.

बाई : उशिराच म्हणायचे.

मेणकाका : डॉक्टर, याचं माप अस्संच्या अस्सं घ्या. एवढ्या मेहनतीनं बुजवलेली फट आता तेवढ्याच मेहनतीनं घडवणार मी!

डॉक्टर : बाहेर काहीतरी आपटलं का?

बाई : बाक असेल. चिमणी उठली.

डॉक्टर : थांबा, मी दार उघडते. गोंधळेल ती, नवी जागा आहे.

बाई : राहू दे गं. येते ती.