साठ वर्षांचं बाळ

उमरग्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारी इरम्मा दोन महिन्यांच्या नातीला छातीशी धरून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा शंभुलिंग ईसीजीचा कागद घेऊन आतून पळतच आला.

“अव्वा, पोरीचं काळीज ठणठणीत हाय!”

“मग उजवी बाजू जड, ठोके लई, असं कसं छापून आलं?”

“पहिल्या दवाखान्यात मशीनमध्ये आधीच्या पेशंटचं वय तसंच राहिलं होतं. मशीननं हिला साठ वर्षांची धरली.”

“आन् ठोके?”

“बाळाचे असेच पळतात. उजवी बाजूबी एवढ्या लहानपणी जडच असती, म्हणाले डॉक्टर.”

“म्हंजी रडली तरी चालंल?”

“खुशाल रडू दे.”

“आठ दिस म्या हिला रडू दिलं न्हाय, शंभू. धर हिला. आता मला रडू दे.”